रेशमाच्या किड्यापासून कोळंबीच्या बीजापर्यंत



कोळंबीला होणाऱ्या बुरशीच्या रोगाविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत. शिराळ्याच्या बाजूला हा विषय ऐकून कोणीही विचारील, की बाबा, आमच्याकडे धूळवाफेचे भात, उसाचे फड, मोरणा-वारणेचे पाणी आणि पाठीशी चांदोलीचे जंगल. समुद्र राहिला घाटाखाली. कोळंबीशी आमचा संबंध आला तर तो बाजारातल्या सोड्यांशी आणि जवळ्याशी, नाहीतर ओढ्यात पोरे धरतात त्या झिंग्यांशी. प्रश्न रास्त आहे. पण २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, ठिकठिकाणी तळी झाली, आणि तळ्यात पाणी आहे तर मासे का नकोत, मासे चालतात तर कोळंबी का नको, असे विचार माणसाच्या मनात येणारच. तिकडे हरियाणा, पंजाब, राजस्थानात, समुद्रापासून शेकडो कोस दूर, मिठाने वाया गेलेल्या जमिनीत तळी खोदून खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवू लागले आहेत. आपल्या वाळवा-मिरजेकडची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ऐकून हुरूप येईल. हुरूप जरूर यावा. परंतु तळ्यात पैसा ओतण्याआधी या रोगाचा इतिहास कानावर असलेला बरा. हा इतिहास समुद्रकाठी सुरू होत नाही. तो सुरू होतो रेशमाच्या किड्यापासून, इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या घरात. आणि फिरून फिरून तो एकाच गोष्टीपाशी येतो, ती म्हणजे बियाणे.

आधी बुरशीची ओळख करून घेऊ. बुरशी म्हटले की पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर धरते ती आपल्या डोळ्यांपुढे येते. शेतकऱ्याला तर तिची कितीतरी रूपे पाठ आहेत : ज्वारीची काणी, भाताचा करपा, हरभऱ्याची मर, द्राक्षावरची भुरी. पण बुरशी पाण्यातही राहते, हे सहसा ध्यानात येत नाही. शाळामास्तरांनी एक सोपा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. काचेच्या पेल्यात ओढ्याचे किंवा तळ्याचे पाणी घ्यावे, त्यात एखादी मेलेली माशी किंवा उकडून फोडलेले दोन-चार तीळ टाकावेत आणि पेला सावलीत ठेवावा. तीन-चार दिवसांत माशीभोवती पांढऱ्या कापसासारखी झालर दिसू लागेल. ही पाण्यातली बुरशी. तिचे बीजाणू शेपटी हलवीत पाण्यात पोहतात आणि मेलेले काही सापडले की त्यावर घर करतात. शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र असेल तर त्या झालरीचा एक तंतू काचपट्टीवर ठेवून पाहावा. मुले तास संपला तरी उठणार नाहीत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तळ्याच्या पाण्यात बुरशी सापडली म्हणजे तळे बिघडले, असे नव्हे. कोळंबीच्या तळ्याचे पाणी, तळाचा गाळ, कोळंबीचे कवच, हे सारे तपासले तर कितीतरी प्रकारच्या बुरश्या निघतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा आपल्या भाकरीवर आणि धान्याच्या पोत्यात असतात त्याच. पाण्यात मेलेले, कुजलेले साफ करण्याचे काम त्या करतात. ओलसर जागी ठेवलेल्या कोळंबीच्या खाद्याला मात्र हीच बुरशी लागली की ते विष होते. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेता घेता बोट भुईमुगाच्या बुरशी धरलेल्या पेंडीवर गेले, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष जगाला कळले. तेव्हा खाद्याची पोती भिंतीला टेकून, जमिनीवर ठेवू नयेत, ही सूचना कोळंबीवाल्याला आणि म्हैसवाल्याला सारखीच लागू आहे.

जी बुरशी जिवंत कोळंबीवर चढते तिची गोष्ट निराळी. तिचे प्रकार ठळकपणे तीन सांगता येतील. पहिला प्रकार बीजकेंद्रात अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लांवर पडतो. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या पिल्लांच्या अंगात तंतू भरतात आणि एक-दोन दिवसांत टाकी रिकामी होते. ही पाणबुरशी म्हणजे आपल्या तासगावच्या द्राक्षबागेतल्या केवड्याची, ज्याला बागाईतदार ‘डाऊनी’ म्हणतात, त्याची चुलत बहीण. केवड्यावर १८८५ साली फ्रान्सच्या बोर्डो गावी मिलार्दे या प्राध्यापकाने मोरचूद आणि चुन्याचा उपाय जगापुढे मांडला, आणि तो अजून चालतो. पण कोळंबीला तांबे सोसत नाही. मोरचुदाची मात्रा जरा चुकली तर बुरशीच्या आधी पिल्लेच जायची! दुसरा प्रकार, कोळंबीचे कल्ले काळे पाडणारी बुरशी. जपानात १९७२ च्या सुमारास ती ओळखली गेली, आणि हरभऱ्याच्या मरीची बुरशी तिच्याच गोतातली. गर्दी झालेल्या, गाळ साचलेल्या तळ्यात ती डोके वर काढते. पाणी व तळ नीट राखला तर बेताने राहते. तिसरा प्रकार सर्वांत बारीक आणि सर्वांत महाग. त्याच्यासाठीच आजचे हे भाषण आहे. पण त्याच्याकडे जाण्याचा रस्ता रेशमावरून जातो.

इटलीत लोदी गावाजवळ अगोस्तिनो बासी नावाचा एक गृहस्थ राहत असे. कायद्याचे शिक्षण घेतलेला, दृष्टी अधू होत चाललेला, शेतीची आवड असलेला. त्या मुलखात रेशमाच्या अळ्या मरत आणि मेलेल्या अळीवर चुना फासावा तसा पांढरा थर येई. लोक म्हणत, हवा वाईट, पाला वाईट, अळ्यांच्या अंगातच काही आम्लदोष उत्पन्न होतो. बासीने सुमारे पंचवीस वर्षे या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १८३५ मध्ये पुस्तक लिहून सांगितले, की हा थर म्हणजे जिवंत बुरशी आहे, ती एका अळीवरून दुसरीवर जाते, हातांनी, भांड्यांनी, कपड्यांनी पसरते. सूक्ष्म जीव एखाद्या प्राण्याला रोग आणतो, हे अशा रीतीने प्रयोगाने दाखविले गेले ते पहिल्यांदा येथे. पाश्चर आणि कॉख यांची नावे आपण शाळेत शिकतो; बासीचे शिकत नाही. पण त्याचे नाव आपल्या शेतात आहे, बरं का! किडीवर फवारण्यासाठी आपण ‘बिव्हेरिया बॅसियाना’ची पुडी आणतो, ती हीच बुरशी, आणि ‘बॅसियाना’ म्हणजे ‘बासीची’. रेशीमवाल्याचा शत्रू तो ऊसवाल्याचा आणि कापूसवाल्याचा मित्र झाला.

बासीनंतर वीस-पंचवीस वर्षांत फ्रान्सवर दुसरेच संकट आले. रेशमाच्या अळ्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसत. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत मिरीला जो शब्द आहे त्यावरून या रोगाला ‘पेब्रिन’ म्हणू लागले. काही अळ्या मरत, काही जगत पण वाढत नसत. एकाच टोपलीत एक बोटाएवढी तर दुसरी काडीएवढी. हे लक्षण ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल. १८५३ साली फ्रान्सात सव्वीस दशलक्ष किलो कोश निघाले होते; १८६५ मध्ये चार दशलक्ष किलोच निघाले. शेतकऱ्यांनी काय करावे? त्यांनी परमुलखातून अंडी मागविली. इटलीची आणली, वर्षभराने इटलीची बिघडली. तुर्कस्तानची आणली, तीही बिघडली. शेवटी एक जपान तेवढे शुद्ध उरले. अंडी विकणारे व्यापारी पुढे आणि त्यांच्या मागोमाग रोग, अशी ती यात्रा चालली होती. व्यापाऱ्यांनी मुद्दाम केले असे नव्हे. अंड्याकडे पाहून आतला रोग दिसत नाही, इतकेच.

साडेतीन हजारांवर जमीनमालकांनी सरकारकडे अर्ज केला आणि १८६५ च्या जून महिन्यात लुई पाश्चर आले नावाच्या गावी येऊन दाखल झाले. पाश्चर रसायनशास्त्राचे पंडित; रेशमाचा किडा त्यांनी आयुष्यात हाती धरला नव्हता. वाटेत ते कीटकांचा थोर अभ्यासक फाब्र याच्या घरी गेले, त्याच्याकडून कोश मागून घेतला, कानाशी धरून हलवला आणि आत काही आहे की काय, असे आश्चर्याने विचारले. ज्याला कोशात कोशेटा असतो हे ठाऊक नाही तो रेशीम वाचवायला निघाला, याचे फाब्रला मोठे नवल वाटले. पण फाब्रने ही हकीगत लिहिली ती थट्टेने नव्हे, आदराने.

पुढे पाच हंगाम पाश्चर तेथे खपले. त्या काळात त्यांच्या दोन मुली वारल्या. १८६८ मध्ये त्यांना स्वतःला पक्षाघाताचा झटका येऊन डावे अंग कायमचे अधू झाले. तरी काम थांबले नाही. रोगट किड्यांच्या अंगात सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे लांबट गोल कण दिसत, ते इतरांनी आधीच पाहिले होते. १८५७ मध्ये नेगेली या शास्त्रज्ञाने त्यांना नावही दिले होते. बेशाँ नावाचे दुसरे एक फ्रेंच प्राध्यापक हा परजीवी आहे असे सांगत होते. पाश्चरना सुरुवातीला ते पटले नाही. कण हे रोगाचे कारण नसून परिणाम आहेत, अशी त्यांची समजूत होती. ती त्यांनी पुढे बदलली. पण त्यांची खरी कामगिरी माझ्या मते कारण सांगण्यात नाही, रीत बसवून देण्यात आहे. ती रीत अशी. पतंगाची मादी वेगळ्या कापडाच्या तुकड्यावर अंडी घालते. अंडी घालून झाली की तिला त्याच कापडाच्या कोपऱ्यात टाचून ठेवायचे. मग सवडीने ती मादी खलात थोड्या पाण्याबरोबर कुटायची आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कण दिसले तर अंड्यांसह कापड जाळायचे. न दिसले तर अंडी ठेवायची. झाले! औषध नाही, मंत्र नाही. रोग झालेल्या अळीला बरे करण्याचा प्रयत्नच नाही. आई तपासायची आणि तिच्यावरून पोरांचे ठरवायचे. पाश्चर यांच्या पत्नी आणि मुलगी हे काम शिकल्या आणि हाताने करू लागल्या. मग गावोगावच्या बायका करू लागल्या.

पहिल्या पहिल्याने या रीतीने निवडलेल्या बियाण्यातही अळ्या मेल्या, आणि टीकाकारांना ऊत आला. पाहता पाहता उलगडा झाला, की रोग एक नसून दोन आहेत; दुसरा आतड्याचा, जिवाणूंचा, आणि दोन्ही एकाच टोपलीत नांदतात. हीही गोष्ट ध्यानात असू द्या.

आज महाराष्ट्रात तुती लावून रेशीम शेती करणारे शेतकरी ‘रोगमुक्त अंडीपुंज’ हा शब्द रोज वापरतात. त्या शब्दाच्या मागे हे आलेचे खलबत्ते आहेत. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात टसर रेशीम घेतात, तेथील किड्यालाही पेब्रिन होतो आणि तेथेही बीज ठरते ते मादी पतंग तपासूनच. दीडशे वर्षांत यंत्रे सुधारली. रीत तीच आहे.

आता आपण पाण्यात उतरू. १८८४ साली इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने डबक्यातल्या पाणपिसवेवर एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पाणपिसू हा कोळंबी-खेकड्यांच्या मोठ्या कुळातला अगदी धाकटा प्राणी, आणि काचेसारखा पारदर्शक. त्याच्या पोटात किण्वबुरशीचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भोसकून शिरतात. लगोलग रक्तातल्या पेशी त्यांच्याभोवती गोळा होतात आणि त्यांना गिळून टाकतात. पेशी जिंकल्या तर पिसू जगते, बुरशी जिंकली तर मरते. शरीर रोगाशी स्वतः लढते, ही कल्पना पक्की झाली त्यात या निरीक्षणाचा वाटा मोठा, आणि मेचनिकॉफना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचाच ओडेसाचा विद्यार्थी वाल्देमार हाफकिन पुढे मुंबईत आला आणि १८९७ मध्ये त्याने प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची. पण येथे एक अडचण आहे. माणसाचे, गुरांचे शरीर एकदा भेटलेला शत्रू लक्षात ठेवते, म्हणून लस चालते. कोळंबीपाशी गिळणाऱ्या पेशी आहेत. आपल्यासारखी ती शत्रू ओळखून ठेवणारी यंत्रणा मात्र नाही. म्हशीला लाळ्या-खुरकुताची सुई टोचावी तशी कोळंबीला टोचता येत नाही. मग तिच्या बाबतीत पाश्चरची रीतच काय ती उरते.

जुन्या काळी ही अडचण भासली नाही, कारण कोळंबी कोणी पेरीतच नव्हते. गोव्यात खाजन जमिनींना बांध घालून ‘मानस’ नावाची दारे बसविलेली असतात. भात निघाले की भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्ले आपोआप आत येत आणि ओहोटीला दाराशी जाळे लावून पकडली जात. बीज समुद्राचे, खाद्य चिखलाचे, गर्दी नाही. असा माल थोडा, पण रोगही थोडा. १९३४ साली जपानात फुजिनागा यांनी कोळंबीला टाकीत अंडी घालायला लावून पिल्ले वाढवून दाखविली आणि चित्र पालटले. १९६१ मध्ये मलेशियात लिंग या शास्त्रज्ञाला उमगले, की गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्लेसुद्धा लहानपणी निमखाऱ्या पाण्याविना जगत नाहीत. म्हणजे आपल्या शेततळ्यात सोडायची असली तरी ती घाटाखालच्या एखाद्या बीजकेंद्रातूनच येणार. बीजकेंद्र आले की एक मादी लाख-लाख अंडी देते आणि तिची पोरे शेकडो कोसांवरच्या तळ्यांत जातात. आई एक, गावे अनेक. फ्रान्सच्या अंडीव्यापाऱ्याची गोष्ट आठवली ना?

भारतात किनाऱ्याकिनाऱ्याने टायगर कोळंबीची तळी १९९० नंतर झपाट्याने वाढली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने ती बसली. तो विषाणू, बुरशी नव्हे. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील मोठ्या प्रमाणावरच्या कोळंबी शेतीवर कडक निर्बंध घातले, कारण खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतात आणि विहिरीत उतरू लागले होते. क्षारपड जमिनीत तळे खोदणाऱ्यानेही शेजाऱ्याचा बांध आधी पाहावा. पुढे २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला, आणि २००९ पासून ‘व्हेनामी’ ही अमेरिकेकडची कोळंबी रीतसर परवानगीने आली. तिच्या माद्या परदेशातून विमानाने येतात, चेन्नईजवळ नीलांकराई येथे त्यांना काही दिवस वेगळे ठेवून तपासतात, मग बीजकेंद्रांना देतात. म्हणजे आई तपासण्याचे तत्त्व मान्य झाले होते. तरी एक पाहुणा आत शिरलाच.

थायलंडमध्ये २००४ च्या सुमारास टायगर कोळंबीची वाढ खुंटल्याच्या तक्रारी आल्या. शोधता शोधता तिच्या डोक्याच्या कवचाखालच्या पचनग्रंथीत अगदी बारीक बीजाणू सापडले, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडी जास्त, रुंदी त्याहूनही कमी. २००९ मध्ये त्याला नाव दिले ‘एंटेरोसायटोझून हेपॅटोपीनी’. तळ्यावरची माणसे त्याला ‘ई. एच. पी.’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. २०१६ साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेतल्या संशोधकांनी तो भारतातल्या व्हेनामी तळ्यांत असल्याचे प्रसिद्ध केले. आता पुढचे ऐका. हा ई. एच. पी. आणि पेब्रिनचे ते चकाकणारे कण, दोघे एकाच कुळातले. दोघांच्याही बीजाणूत एक नळी गुंडाळलेली असते. ती उडून बाहेर पडते, शेजारच्या पेशीत घुसते आणि तिच्यातून आतला जीव पेशीत उतरतो. या कुळाला पूर्वी शास्त्रज्ञ बुरशी मानीत नसत. गुणसूत्रांतल्या जनुकांचा अभ्यास झाल्यावर, गेल्या शतकाच्या अखेरीस, त्याला बुरशीच्या घरात जागा मिळाली. उलट द्राक्षाचा केवडा आणि पिल्लांवरची ती पाणबुरशी यांना त्या घरातून बाहेर काढून समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या भावकीत बसविले आहे. घर तेच, एक भाडेकरू गेला, दुसरा आला. शेतकऱ्याने त्यांना बुरशी म्हणण्यास काही हरकत नाही.

ई. एच. पी. कोळंबीला सहसा एका रात्रीत मारीत नाही, आणि तेथेच फसगत होते. विषाणू आला की काठावर मढी दिसतात. हा आला की काहीच दिसत नाही. कोळंबी खाते, पोहते, पण पचनग्रंथी पोखरलेली असल्याने अंगी लागत नाही. वीस ग्रॅमच्या आसपास जायला हवी ती दहा-बारावर अडकते, आणि एकाच जाळ्यात लहान-मोठी सरमिसळ निघते. पेब्रिनची टोपली आठवा. खाद्याचे पैसे मात्र रोज जात असतात. केंद्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी देशभराचा अंदाज काढला तेव्हा या एका रोगाचे वार्षिक नुकसान चार हजार कोटी रुपयांच्या घरात गेले, पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपेक्षाही जास्त. पुष्कळदा पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे दोरे तरंगताना दिसतात. ते एकट्या ई. एच. पी.चे काम नसते. त्याच्या जोडीला आतड्यातले जिवाणू असतात. पाश्चरला भेटलेली ती दुहेरी आजाराची गाठ येथेही आहेच. खाणाऱ्या माणसाला ई. एच. पी.पासून बाधा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर बाजारात विनाकारण घबराट व्हायची.

यावर खात्रीचे औषध अजून हाती नाही. प्रयत्न चालू आहेत. प्रतिजैविकांचा तर बुरशीशी संबंधच नाही. तरी एके काळी ती टाक्यांत ओतली गेली, निर्यातीच्या मालात त्यांचे अंश सापडले, युरोपातून माल परत आला आणि २००२ मध्ये अनेक औषधांवर बंदी घालावी लागली. दुकानदार पुडी देतो म्हणून घेऊ नये.

उपाय आहेत ते सारे तळ्यात बीज पडण्याच्या आधीचे. मादीला खाऊ म्हणून समुद्रातले जिवंत किडे देतात, त्यांतून ई. एच. पी. येतो, ते आधी गोठवून ठेवावे लागतात. मादीची विष्ठा आणि पिल्ले यांची पी. सी. आर. तपासणी करतात. करोनाच्या साथीत नाकात काडी घालून झाली तीच ही परीक्षा. रेशमाच्या पतंगात रोग अंड्याच्या आतून उतरतो, येथे मुख्यतः मादीच्या विष्ठेतून अंड्या-पिल्लांना लागतो, एवढाच फरक. म्हणून येथे अंडी धुऊन घेण्याचाही उपयोग होतो. एकदा तळ्यात हा रोग होऊन गेला असेल तर पीक काढून तळे पूर्ण सुकवावे, हेक्टरी सहा टन कळीचा चुना टाकून दहा-बारा सेंटिमीटर खोल नांगरावे आणि मग माती ओली करून आठवडाभर ठेवावी. चुना जागा झाल्याशिवाय बीजाणू मरत नाही. सहा टन हा आकडा ऐकून कपाळाला आठी पडेल. पण चार पोती भुरभुरून केवळ मनाचे समाधान होते. प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात अर्थातच नांगर चालत नाही, तेथे कागद घासून धुणे आणि सुकवणे हेच करावे लागते.

एक अवघड जागा मात्र राहते. देशातली बहुतेक बीजकेंद्रे आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहेत. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून पिल्ले रात्रीच्या गाडीने येतात, पहाटे तळ्यावर पोहोचतात, आणि ऊन चढायच्या आत सोडावी लागतात. त्या घाईत कोण कसला अहवाल पाहतो? बीजकेंद्रे किनारी प्राधिकरणाच्या कायद्याखाली नोंदलेली असतात, २०२३ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी तरतुदीही वाढल्या. पण तो कायदा किनाऱ्याचा. घाटावर एका तळ्यात बीज सोडणारा शेतकरी त्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्या बांधावर त्या प्राधिकरणाचा निरीक्षक यायचा नाही. जे विचारायचे ते त्यानेच विचारायचे, आणि आगाऊ रक्कम देण्याच्या आधी विचारायचे. बीजकेंद्राचा नोंदणी क्रमांक काय? तपासणी आईची झाली की पिल्लांची, की दोन्हींची? अहवाल कोणत्या टाकीचा आणि कोणत्या तारखेचा? मला मिळणारी पिल्ले त्याच टाकीतली का? एकट्याने निराळी तपासणी करून घेणे परवडत नसेल तर चार-पाच जणांनी एकाच टाकीचे बीज ठरवावे आणि खर्च वाटून घ्यावा. नमुना गाडी निघण्याआधी प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, नंतर नव्हे. आणि बीजवाला अहवाल दाखवायला कां-कूं करू लागला, तर त्या हंगामात तळ्यात रोहू-कटला सोडावेत.